करडईचे पाटे आणि नंतरचं तेल

कंधार, लोहा, अहमदपूर या पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे पेरायची जुनी रीत होती. काट्यांमुळे मोकाट जनावर रानात शिरत नसे, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि वर्षाचं तेल निघायचं. काढणी मात्र जिकिरीची. दवाने काटे मऊ असतात तोवर, म्हणजे पहाटेच, हाताला फडकी गुंडाळून ती उरकावी लागे. तेल घाण्यावर, पेंड लाल कंधारी जनावरांच्या गव्हाणीत.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीत दुहेरी बंध असला की ती तिथे वाकते, रेणू दाटीने बसत नाहीत आणि मेद पातळ राहतो. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे दोन दुहेरी बंधांची साखळी. म्हणून पौषात तूप थिजतं, करडईचं तेल धार सोडत नाही. पण याच बंधांवर हवेतला ऑक्सिजन चढतो. बरणीच्या तोंडाशी चिकट थर धरतो, तेल खवटतं.

1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदाविना वाढवलं, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली, वाढ खुंटली. लिनोलेइक आम्ल दिल्यावर उंदीर सुधारले. हे आम्ल शरीराला बनवता येत नाही, खावंच लागतं. पेशीभोवतीचं पटल फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराचं असतं. त्यांच्या साखळ्या किती वाकड्या, यावर त्याचा लवचीकपणा ठरतो. या पटलाचं आज मान्य असलेलं प्रवाही चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडलं.

दरम्यान 1937 मध्ये डालडा बाजारात आला. तेलात हायड्रोजन घालून दुहेरी बंध मोडले की ते थिजतं. तूप परवडत नसलेल्या घरांतल्या पंगती त्यावर निभावल्या. अर्धवट मोडलेल्या बंधांतून ट्रान्स मेद तयार होतो आणि तो हृदयाला घातक, हे कळायला दशकं गेली. भारतात 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

मग करडईच शहरात हृदयाचं तेल म्हणून मिरवू लागली. बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापणं ही तर फुकाची बढाई. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच. सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान हृदयरुग्णांना करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारीन देऊन पाहिलं होतं. 2013 मध्ये ती जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त आढळले. एका चाचणीवरून तेल बाद होत नाही, पण जाहिरातीचा तोरा उतरायला हरकत नव्हती.

1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. खरिपात सोयाबीन पसरलं, लातूरची बाजारपेठ त्याच्या भावावर हलू लागली. पामतेलात जवळपास निम्मा संपृक्त मेद. सोयाबीनचं तसं नाही: करडईत नावालाही नसलेलं, तीन दुहेरी बंधांचं ओमेगा-3 मेदाम्ल त्यात 7 टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे गेलं ते सगळं चांगलं आणि आलं ते वाईट, असा हिशेब लागत नाही.

फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण दिले, काढणीला हार्वेस्टरही आले. पण सोयाबीन निघाल्यावर मोकळं झालेलं रान बहुतेक शेतकरी हरभऱ्यालाच देतात.