मिरजेची गादी, सांगलीचे राज्य : चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. त्या दिवशी मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, सांगलीत नामवंत रंगकर्मीला त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. भाव्यांना नाटक करायला ज्यांनी सांगितले, त्या सांगलीच्या राजांचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात उरकतो. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ ते १८५१ अशी पन्नास वर्षे सांगलीवर राज्य केले. त्यांची कहाणी सुरू होते मिरजेच्या गादीपासून, आणि ती तिथूनच सांगायला हवी.

मिरजेचे पटवर्धन

पटवर्धन मूळचे कोकणातल्या कोतवड्याचे. हरभट पटवर्धन इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले आणि त्यांच्या मुलांनी पेशव्यांच्या फौजेत नाव काढले. त्यांपैकी गोविंद हरींकडे मिरजेचा किल्ला आणि भोवतालचा सरंजाम आला. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या मुलखात म्हैसूरच्या हैदरअलीला अडवायचे तर मिरज हे सोयीचे ठाणे होते. त्यामुळे या घराण्याची दोन पिढ्यांची हयात दक्षिणेच्या मोहिमांत गेली.

त्याची किंमतही घराण्याने मोजली. गोविंद हरींचे चिरंजीव पांडुरंगराव १७७७ मध्ये हुबळीच्या बाजूला झालेल्या लढाईत हैदरच्या फौजेच्या हाती लागले आणि कैदेतच वारले. चिंतामणराव हे या पांडुरंगरावांचे चिरंजीव. १७८२ मध्ये मिरजेचा सरंजाम त्यांच्या नावावर आला तेव्हा त्यांचे वय अवघे सहा वर्षांचे होते.

काका आणि पुतण्या

मुलगा अज्ञान, म्हणून कारभार काका गंगाधररावांनी पाहिला, आणि चांगला पाहिला. पुतण्या वयात आला आणि तंटा पेटला. चिंतामणराव आपला हक्क मागू लागले, काका तो सोडायला तयार होईनात. पेशवाईत काका-पुतण्यांचे तंटे नवे नव्हते. शनिवारवाड्यातल्या तंट्याने तर नारायणराव पेशव्यांचा जीव घेतला होता. मिरजेत गोष्ट त्या थराला गेली नाही. १८०१ मध्ये वाटणी झाली. काकांनी मिरज ठेवली आणि पुतण्याने कृष्णाकाठच्या सांगलीत आपले ठाणे केले.

वाटणीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. सांगलीच्या वाट्याला सुमारे ६ लाख ३५ हजार रुपये वसुलाचा मुलूख आला आणि त्याबद्दल १,९२० स्वारांची चाकरी ठरली. मिरजेकडे सुमारे ४ लाख ८० हजारांचा वसूल आणि १,२१९ स्वार राहिले. म्हणजे मुलुखाचा मोठा वाटा पुतण्याकडे गेला. पण किल्ला, जुनी पेठ आणि घराण्याचे नाव ज्या गावाशी जोडलेले ते गाव काकांकडे राहिले. पंचविशीतल्या आप्पासाहेबांना सगळे नव्याने उभे करायचे होते.

पेशवे आणि इंग्रज यांच्या मध्ये

वाटणीच्या आदल्याच वर्षी, १८०० मध्ये, आप्पासाहेब पुंड धोंड्या वाघाविरुद्धच्या मोहिमेत होते. त्याच मोहिमेत त्यांची गाठ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरवले.

दुसरा बाजीराव पेशवा आणि पटवर्धन यांचे कधीच जमले नाही. नाना फडणविसांच्या पक्षातले सरदार म्हणून बाजीरावाचा त्यांच्यावर राग होता आणि त्यांचे सरंजाम खालसा करण्याची संधी तो शोधत होता. १८१२ मध्ये पंढरपूरला पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीने तोड निघाली : सरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, पेशव्यांनी त्यांच्या मुलखाला हात लावू नये. या कराराने पटवर्धन वाचले हे खरे, पण आपले सरंजाम आता कोणाच्या शब्दावर टिकणार आहेत हेही त्याच दिवशी सगळ्यांना कळले. सहा वर्षांत पेशवाई बुडाली.

स्वारांऐवजी मुलूख

१८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. पेशव्यांना जी स्वारांची चाकरी द्यायची ती आता कंपनीला द्यावी का, असा प्रश्न आला. आप्पासाहेबांनी स्वार देण्याऐवजी मुलूख दिला. १ लाख ३५ हजार रुपये उत्पन्नाचा प्रदेश त्यांनी कंपनीला सोडला. १८२० मध्ये जुनी हुबळी आणि तिच्याखालची ४९ गावे अशीच हातातून गेली.

हा व्यवहार मला त्यांच्या राजकारणातला सर्वांत बोलका वाटतो. ज्या घराण्याची सारी प्रतिष्ठा घोड्यावर बसून मिळवलेली, त्याच्या प्रमुखाला आपले स्वार परक्या साहेबाच्या हुकमाखाली पाठवणे जड गेले असणार. जमीन गेली तरी चालेल, पण चाकरी नको, अशी ती निवड होती. पुढे कंपनीशी त्यांनी इमानाने संबंध ठेवले, आणि १८४६ मध्ये कंपनीने त्यांना सन्मानाची तलवार दिली. मोहिमेला जाण्याचे दिवस तेव्हा केव्हाच सरले होते.

नवी राजधानी

वाटणीच्या वेळी सांगली लहान गाव होते. आप्पासाहेबांनी तिथे गणेशदुर्ग हा भुईकोट बांधला, राजवाडा उभारला, आणि कृष्णेच्या काठी गणपती पंचायतनाचे देऊळ बांधले. पटवर्धनांचे आराध्य गणपती. तासगावला याच घराण्यातल्या परशुरामभाऊंनी गोपुराचे देऊळ उभारले ते याच भक्तीतून. देवळाभोवती पेठ वाढली आणि सांगली बाजारपेठेचे गाव झाले.

संस्थानचा मुलूख मात्र सलग नव्हता. मंगळवेढे एकीकडे, बेळगावला लागून शहापूर दुसरीकडे, तेरदाळ आणि शिरहट्टी आणखी दक्षिणेला. प्रजेचा मोठा भाग कानडी बोलणारा. मराठी नाटकाचा उगम समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कर्कीचे भागवत आणि ‘सीतास्वयंवर’

१८४२ मध्ये उत्तर कानडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली. दशावतारी धर्तीचे त्यांचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले. असे काही मराठीत, अधिक नीटसपणे व्हावे, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी ते काम विष्णू अमृत भाव्यांवर, म्हणजेच विष्णुदासांवर, सोपवले. भाव्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. तरुण विष्णू पदे रचायचा, लाकडी कळसूत्री बाहुल्या करायचा. हाताने आणि डोक्याने कामसू होता. पदरचे नोकरचाकर नट म्हणून घ्या, कपडेलत्ते आणि खर्च दरबारचा, अशी मोकळीक मिळाली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झाले.

हा खेळ कसा दिसत असेल? पडद्यापुढे सूत्रधार झांजा-मृदंगाच्या साथीने मंगलाचरण म्हणतो. अंगाला झाडपाला बांधलेला विदूषक नाचत येतो आणि सूत्रधाराशी त्याची उलटसुलट बोलाचाली चालते. मग गणपती येतो, विघ्न दूर करण्याचा आशीर्वाद देतो. मागोमाग मोरावर बसलेली सरस्वती नाचत प्रवेश करते. एवढे झाले की कथानकाला हात. कथा पुढे नेणारी पदे सूत्रधारच गातो. पात्रांची भाषणे लिहिलेली नसतात, प्रसंग पाहून नटांनी ती आपल्या मनाने बोलायची. राक्षस आले की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट. या आरोळ्यांवरूनच पुढच्या काळात अशा खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. त्या नावात हेटाळणी आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. मराठीत बांधीव कथानक, पदे, वेषभूषा आणि पडदा यांचा मेळ घालून जमलेला प्रेक्षक बसवून ठेवण्याची घडी इथे पहिल्यांदा बसली.

युरोपातल्या राजांनी कलेला दिलेल्या आश्रयाची वर्णने आपण आवडीने वाचतो. बव्हेरियाचा दुसरा लुडविग १८६४ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर आला, त्याने संगीतकार वाग्नरला बोलावून घेतले आणि लुडविगच्या पैशाच्या आधारावर १८७६ मध्ये बायरॉइटचे संगीतनाट्यगृह उघडले. लुडविग मात्र किल्ल्यांच्या बांधकामात कर्जबाजारी झाला आणि १८८६ मध्ये पदच्युत झाला. लुडविग गादीवर येण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी कृष्णाकाठच्या एका लहान संस्थानिकाने, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आपल्या पदरच्या तरुणाला नवा कलाप्रकार घडवायला लावला. खर्च बेताचा होता, फळ मोठे मिळाले.

शेवटची वर्षे

आजूबाजूची राज्ये या काळात एकेक करून गळत होती. मिरजेची १८२० मध्ये चार वाट्यांत विभागणी झाली होती. त्यांतले दोन वाटे पुरुष वारस नसल्याने १८४२ आणि १८४५ मध्ये कंपनीने घेतले. १८४८ मध्ये साताऱ्याची छत्रपतींची गादी खालसा झाली. त्याच साली पटवर्धनांचे तासगावही गेले. सांगलीला धुंडिराज तात्यासाहेब हे औरस वारस होते म्हणून ती वाचली. जुलै १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले तेव्हा तात्यासाहेब अज्ञान होते.

भाव्यांचा आश्रय त्याच दिवशी संपला. नव्या कारभाऱ्यांना नाटकावर खर्च नको होता. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबारचे नाटक अशा रीतीने तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचे झाले. आप्पासाहेब हयात असते तर हे इतक्या लवकर घडले असते असे वाटत नाही.

मिरजेचे पुढे काय झाले

काकांच्या मिरजेत थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने उरली. थोरल्या पातीचे गंगाधरराव बाळासाहेब १८७५ ते १९३९ गादीवर होते. त्यांच्या काळात डॉ. वानलेस यांचे इस्पितळ उभे राहिले, तंतुवाद्यांचे कारागीर नावारूपाला आले, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत बिऱ्हाड केले. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेतच, १९०५ मध्ये. ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले आणि बालगंधर्वांची शकुंतला मिरजेत. म्हणजे वाटणी झालेल्या दोन्ही घरांनी नाटकाला हात दिला.

१९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका एकच आहे. शाळेची सहल सांगलीच्या गणपतीला नेणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती : सुरुवात मिरजेच्या किल्ल्यापासून करा, सहाव्या वर्षी सरंजामाचा मालक झालेल्या मुलाची गोष्ट तिथे सांगा, आणि मग मुलांना सांगलीला न्या. अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे.