विश्लेषण : मोरबेची वाफ पावसात परत येते, मग मंगळाचे पाणी गेले कुठे?

चौकजवळ धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणाचे पाणी उन्हाळ्यात दोन वाटांनी कमी होते. एक वाट भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नवी मुंबईच्या नळांपर्यंत जाते, दुसरी थेट आकाशात. पहिल्या वाटेचा हिशेब महापालिका ठेवते. दुसरीने गेलेली वाफ वाऱ्यावर कुठेही जाईल, पण पृथ्वी सोडून जवळपास जातच नाही. मंगळ आणि शुक्र यांना मात्र आपले पाणी असे धरून ठेवता आले नाही.

वाफ पृथ्वीबाहेर का जात नाही?

पावसाळ्यात अरबी समुद्रावरची दमट हवा इर्शाळगड, प्रबळगड, माथेरानच्या डोंगरांवर चढते, थंड होते आणि बरसते. जी वाफ आणखी वर जाते तिला १६-१७ किलोमीटरवर उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपासचा थर आडवा येतो. इतक्या थंडीत वाफेचे हिमकण होतात आणि ते खाली उतरतात. भाताच्या पातेल्यावरचे झाकणच म्हणा ना! वाफ त्याला लागते आणि थेंब होऊन पुन्हा भातात पडते. जमिनीजवळच्या दमट हवेत शंभर रेणूंमागे दोन-तीन रेणू पाण्याचे असतात. या थराच्या वर दहा लाखांमागे जेमतेम चार-पाच उरतात. शास्त्रज्ञ याला ‘शीत सापळा’ म्हणतात.

मग गळती अजिबात नाही का?

आहे, पण थोडी. झाकणापलीकडे पोहोचलेले पाण्याचे आणि मिथेनचे रेणू सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात. त्यातला हायड्रोजन सर्वांत हलका. साधारण ५०० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की कण एकमेकांवर क्वचितच आदळतात. तिथे सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने वर निघालेला हायड्रोजन परत येत नाही. सोळापट जड ऑक्सिजनला हा वेग सहसा गाठता येत नाही.

पृथ्वी असा सुमारे तीन किलो हायड्रोजन दर सेकंदाला गमावते. हा सगळा पाण्यातूनच आला असे धरले, तर दिवसाला अंदाजे २३ लाख लिटर पाणी गेले. आकडा मोठा वाटतो, पण मोरबेतून नवी मुंबईला रोज जाणारे पाणी सुमारे ४५ कोटी लिटर आहे. धरणाची पूर्ण क्षमता १९०.८९ दशलक्ष घनमीटर. एवढे एक धरण अंतराळात रिते करायला संपूर्ण पृथ्वीला सव्वादोनशे वर्षे लागतील. महासागर आटायला याच वेगाने दीड लाख कोटींहून अधिक वर्षे हवीत. पृथ्वीचे वय आहे ४५४ कोटी.

मंगळाचे काय बिघडले?

मंगळावर वाळलेली नदीपात्रे आणि सरोवरांचा गाळ आजही दिसतो. आज मात्र तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मंगळ लहान असल्याने तिथून सुटायला सेकंदाला पाच किलोमीटरचा वेग पुरतो. शिवाय तिथले झाकण सैल आहे. धुळीची वादळे उठली की हवा तापते आणि वाफ ६०-८० किलोमीटरपर्यंत चढते. तिथे ती फुटायला कितीसा वेळ? २०१८ मध्ये वादळाने सारा ग्रह वेढला, तेव्हा हे अनेक यानांना टिपता आले. अर्थात सगळेच पाणी उडाले नाही. काही ध्रुवांवर व जमिनीखाली बर्फ होऊन आहे, काही खनिजांत अडकले आहे.

हे मोजले कसे?

२०१४ च्या सप्टेंबरात दोन याने दोन-तीन दिवसांच्या अंतराने मंगळाच्या कक्षेत पोहोचली. अमेरिकेचे ‘मावेन’ आणि २४ सप्टेंबरला भारताचे मंगळयान. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात तयार झालेले ‘मेन्का’ हे उपकरण मंगळयानावर होते. (नाव अप्सरेचे वाटते, पण ते इंग्रजी आद्याक्षरांतून आले आहे.) मंगळाच्या सर्वांत बाहेरच्या विरळ थरात आर्गॉनचे कण अपेक्षेहून तप्त असल्याचे त्याने दाखवले. म्हणजे जड कणांनाही वर फेकणारी ऊर्जा तिथे आहे.

आर्गॉन महत्त्वाचा अशासाठी की तो कशाशीच संयोग पावत नाही. खडकात मुरायची वाट त्याला नाही, त्यामुळे हवेतून कमी झालेला आर्गॉन वरच गेला असणार. मावेनच्या मोजणीनुसार मंगळाने आपला सुमारे ६५ टक्के आर्गॉन असा गमावला. दुसरा पुरावा ड्युटेरियमचा, म्हणजे हायड्रोजनच्या जड भावाचा. हलका निसटतो, जड मागे राहतो. मंगळावरच्या पाण्यात ड्युटेरियमचे प्रमाण पृथ्वीच्या पाच-सहा पट आहे.

चुंबकीय कवच नसल्यानेच हे झाले का?

पाठ्यपुस्तकी उत्तर ‘हो’ असे असते, पण ते अर्धेच आहे. मंगळाचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी विझले आणि सौरवारा थेट वातावरणाला भिडू लागला, हे खरे. पण शुक्रालाही असे कवच नाही आणि त्याच्या हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक आहे. ग्रहाचे वजन, सूर्यापासूनचे अंतर आणि झाकणाची थंडी हे सगळे एकत्र पाहावे लागते.

पृथ्वीचे झाकण कधी उघडेल?

शुक्राचे झाकण उघडले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. सूर्याजवळ असल्याने तिथली वाफ थिजलीच नाही, वरच्या थरात जाऊन फुटत राहिली. ड्युटेरियमचे प्रमाण तिथे पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे. सूर्यही हळूहळू प्रखर होत आहे, दर १०० कोटी वर्षांत साधारण दहा टक्के. पृथ्वीचा शीत सापळा तेवढ्याच काळाने ढिला पडेल असा अंदाज आहे. आजच्या हवामान बदलाशी याची गल्लत नको. त्याने पाऊस कुठे, कधी आणि किती पडतो हे बदलते, पृथ्वीवरचे एकूण पाणी नाही.

शुक्राचा हा इतिहास तपासायला भारताचे यान निघणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली असून प्रक्षेपण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहे.