एका वेळी एकच कागद

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादीचा निकाहनामा झेरॉक्सच्या मशीनमध्ये फाटला.

दादा मरहूम होऊन बरीच वर्षे झाली, तरी जमिनीवरची वारस नोंद राहूनच गेली होती. या वर्षी ती करायचीच असे घरात ठरले आणि लोखंडी पेटीतली फाईल बाहेर निघाली. मृत्यूचा दाखला, जुने सातबारे, फेरफार, खरेदीखत, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि तळाशी चार घड्यांचा, कडा तपकिरी झालेला निकाहनामा. सगळा गठ्ठा घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. बाहेर पाऊस, आत गर्दी आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. दुकानातल्या मुलाने गठ्ठा मशीनच्या वरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि बटण दाबले. आठ कागद सरसर गेले. नववा निकाहनामा. करकर असा आवाज आला, लाल दिवा लागला. मुलाने झाकण उघडून कागद ओढला, तो दोन तुकडे होऊन हातात आला.

मुलाचा चेहरा उतरला. दोष एकट्या त्याचा नव्हता. न बघता गठ्ठा हातात देणारे आम्हीच होतो. दादीला सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कागद फाटला, निकाह नाही फाटला." पण मग तिने दोन्ही तुकडे मागून घेतले आणि बराच वेळ मांडीवर ठेवून बसली. दादांच्या हातची सही घरात त्या एकाच कागदावर आहे.

आठ कागद धडधाकट बाहेर आले आणि नेमका हाच का फाटला, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आमचे एक मामेभाऊ मुंबईत अशाच मशीनची दुरुस्ती करतात. ईदला ते घरी आले तेव्हा त्यांना गाठले. त्यांच्याकडून आणि थोडेफार वाचून जे कळले, ते आपल्या घराघरातल्या पेट्यांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून इथे मांडत आहोत.

आधी या यंत्राची जन्मकथा. चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतला गरीब घरातला मुलगा. जन्म 1906 चा. आईवडील क्षयाने आजारी, त्यामुळे लहान वयातच घर चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पुढे तो पदार्थविज्ञान शिकला आणि न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला लागला. तिथे एकाच मजकुराच्या पुष्कळ प्रती लागत. पुन्हा टाइप करा, नाहीतर फोटो काढायला बाहेर पाठवा, हे दोनच मार्ग होते. त्याची नजर अधू, त्यात सांधेदुखी. लिहून लिहून हात दुखत. ऑफिसात बसल्या बसल्या कागदाची नक्कल करणारे यंत्र का असू नये, हा विचार त्याच्या मनात तिथे रुजला.

22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका छोट्या खोलीत त्याने आणि ओट्टो कोर्नाई या मदतनिसाने पहिली नक्कल काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि तो कापडाने घासून त्यावर विजेचा भार आणला. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तीच ही वीज. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'अस्टोरिया' हे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि वरून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला. मग त्यावर एक बारीक पूड भुरभुरवली. पूड फक्त अक्षरांना चिकटली. मेणाचा कागद दाबून ती उचलली आणि नक्कल तयार झाली. आजही आपल्या गल्लीतल्या दुकानात झेरॉक्स निघते ती याच तत्त्वावर. फरक इतकाच की गंधकाच्या पत्र्याऐवजी आत फिरणारा रूळ आहे आणि पूड उष्णतेने वितळवून कागदावर पक्की केली जाते. म्हणून तर ताजी प्रत हाताला कोमट लागते.

हा शोध लगेच कोणी डोक्यावर घेतला नाही. पुढच्या काही वर्षांत वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला परत पाठवले, त्यात मोठमोठ्या कंपन्याही होत्या. 1944 मध्ये ओहायो राज्यातल्या बॅटल या संशोधन संस्थेने हात दिला, मग रॉचेस्टरच्या हॅलॉइड या लहानशा कंपनीने. हीच कंपनी पुढे झेरॉक्स झाली. ग्रीक भाषेत 'झेरोस' म्हणजे कोरडे. ओली रसायने न वापरता केलेले कोरडे लेखन, म्हणून झेरोग्राफी. 1959 मध्ये '914' हे त्यांचे मशीन बाजारात आले. 9 इंच बाय 14 इंचापर्यंतचा कागद त्यात चाले, म्हणून हा आकडा. वजन जवळजवळ 295 किलो. आत कागद अडकून कधीकधी पेटही घेई, म्हणून कंपनी सोबत आग विझवण्याचे लहान नळकांडे देत असे! तरीही मागणी इतकी आली की कंपनीचे नशीबच पालटले. कार्लसन 1968 मध्ये वारला. मिळालेल्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा त्याने हयातीतच, बहुधा नाव न सांगता, दान केला होता.

या कथेतली एक गोष्ट मामेभावांनी मुद्दाम दाखवून दिली. त्या पहिल्या मशीनला वर काच होती. मूळ कागद त्या काचेवर पालथा ठेवायचा. तो जागचा हलत नसे. हलायचा तो नकलेचा कोरा कागद. गठ्ठा ठेवा आणि मशीनच एकेक मूळ कागद ओढून घेईल, ही सोय पुढची. कामाचा वेग वाढवण्यासाठी ती आली, आणि आमचा कागद फाटला तो त्या सोयीत.

मग त्यांनी घरच्या छोट्या मशीनचे झाकण उघडून दाखवले. "नक्कल काढणे आता सोपे झाले आहे," ते म्हणाले. "गठ्ठ्यातून एका वेळी एकच कागद उचलणे, हेच अजून अवघड आहे." आम्हाला आधी हसू आले. मग आठवले, नोटा मोजताना आपण अंगठा ओला का करतो? दोन नोटा एकदम सुटू नयेत म्हणूनच ना!

मशीनचा अंगठा म्हणजे रबरी रूळ. तो वरच्या कागदावर टेकतो आणि फिरतो. रबराची कागदावरची पकड ही कागदाची कागदावरच्या पकडीपेक्षा जास्त असते, म्हणून वरचा कागद पुढे सरकतो. पण त्याच्या खालचाही सोबत निघू बघतो. त्याला अडवायला समोर दुसरा रूळ किंवा खरखरीत पट्टी बसवलेली असते. ती खालच्या कागदाला मागे धरून ठेवते. म्हणजे तेवढ्या जागी कागदाला एक हात पुढे ओढतो आणि दुसरा मागे. कागद एकच असला, तर तो त्या पट्टीवरून घसरत निघून जातो. नवा, सपाट, सारख्या जाडीचा कागद ही ओढाताण सहज सोसतो. घडीवर झिजलेला कागद तिथेच उकलतो. आमच्या निकाहनाम्याचे हेच झाले.

पुढे वाटेवर डोळे बसवलेले असतात. अमुक इतक्या वेळात कागद इथे पोहोचलाच पाहिजे, असा हिशेब ठरलेला. वेळेत आला नाही की मशीन थांबते आणि लाल दिवा लावते. चांगल्या स्कॅनरमध्ये तर कान असतात! कागदाच्या एका बाजूने आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात, दुसऱ्या बाजूला तो टिपतात. दोन कागद एकदम आले तर मधल्या हवेच्या पातळ थरात आवाज क्षीण होतो आणि मशीन ओळखते, इथे जोडी आली आहे.

'एका वेळी एकच' हे कोडे सोडवल्याशिवाय बँकांचेही काम चालले नसते. पैसे देणाऱ्या एटीएमचे उदाहरण घ्या. 1967 मध्ये लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेने असे पहिले यंत्र लावले. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. आजची एटीएम प्रत्येक नोटेची जाडी तपासतात आणि शंका आली की ती नोट आतल्या वेगळ्या कप्प्यात टाकतात. आपल्याला आत नुसता खडखडाट ऐकू येतो.

चेकचे पान पाहा. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चमत्कारिक वळणाचे आकडे असतात. ती शाई चुंबकीय आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात बँक ऑफ अमेरिकेसाठी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेने ही रीत घडवली. वर पेनाची रेघ वा शिक्का पडला तरी मशीनला आकडे वाचता येतात, कारण ते शाईचा रंग बघत नाही, तिचे चुंबकत्व बघते. आपल्याकडे त्यातल्या नऊ अंकी संकेतातले पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा चेक असेल तर सुरुवात 400 ने. पूर्वी हे चेक स्वतः या बँकेतून त्या बँकेत प्रवास करत. 2008 मध्ये दिल्लीपासून नवी पद्धत सुरू झाली. आता चेक जिथे भरला तिथेच थांबतो आणि पुढे जाते ती त्याची प्रतिमा. कागदाला प्रवासात कमी हाताळावे, हे शहाणपण बँकांनाही उशिराच सुचले म्हणायचे.

कागदाशी आपले नाते जुने आहे. आठव्या शतकात समरकंदमार्गे कागदाची कला इस्लामी जगात आली आणि बगदादमध्ये कागद विकणाऱ्या, पुस्तकांच्या नकला करणाऱ्या वर्राकांचा स्वतंत्र बाजार भरू लागला. दुकानात आपण कागदाचे 'रीम' मागतो, तो शब्दही मूळचा अरबी 'रिज्मा', म्हणजे गठ्ठा. इथे दख्खनमध्ये दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव कागद बनवणाऱ्या मुस्लिम कारागिरांच्या नावानेच ओळखले जाते. चिंध्यांचा लगदा करून, साच्यावर घेऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून तयार झालेला हातकागद शतकानुशतके टिकतो. याच्या उलट, गेल्या शतकातला गिरणीचा पुष्कळसा कागद आम्लयुक्त असल्याने पन्नास-साठ वर्षांतच पिवळा आणि ठिसूळ होतो. दादीचा निकाहनामा त्यातला. पण मशीनला दोन्ही चालत नाहीत. एक ठिसूळ म्हणून, दुसरा कमीजास्त जाडीचा म्हणून.

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, याची ताकीद कुरआन शरीफच्या सर्वांत लांब आयतीत आहे. लिहिण्याचे आपण पुष्कळदा करतो. लिहिलेले जपण्यात मात्र कमी पडतो. मामेभावांनी सांगितलेल्या काही साध्या गोष्टी आम्ही आता घरात पाळतो.

जुना, घडीचा, फाटका किंवा चिकटपट्टी लावलेला कागद कधीही वरच्या ट्रेमध्ये घालू द्यायचा नाही. "भाऊ, हा काचेवर ठेवून काढा," एवढे सांगायला लाजायचे नाही. दोन मिनिटे जास्त लागतील. टाचणी आणि स्टेपल आधी काढायची. काचेवर आणि रुळावर ओरखडा पडतो आणि कागदही फाटतो. कागद अडकलाच, तर मागे खेचायचा नाही. मशीन बंद करून, झाकण उघडून, तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी हळूच काढायचा. पाठीमागची बाजूही काढून घ्यायची, कारण शिक्के आणि नोंदी पुष्कळदा मागेच असतात.

घरात प्रिंटर असेल तर पावसाळ्यात कागदाचे रीम उघडे ठेवू नये. दमट हवेत कागद पाणी पितो, वाकतो आणि अडकतो. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा पत्त्यांसारखा फडकावून घ्यावा, म्हणजे चिकटलेले कागद सुटतात.

जुन्या दस्तऐवजाला लॅमिनेशन करू नये. एकदा गरम प्लॅस्टिक चिकटले की ते सुखरूप निघत नाही. बिलाच्या गुळगुळीत पावत्या आणि एटीएमच्या चिठ्ठ्या उष्णतेने उमटलेल्या असतात, वर्षा-दोन वर्षांत त्या कोऱ्या होतात. हमीच्या वस्तूची पावती असेल तर तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवावी. आणि फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो.

आमच्या निकाहनाम्याला सेलोटेप लावली नाही. एका जुन्या बाइंडरने मागून पातळ कागद आणि मैद्याची खळ लावून दोन्ही तुकडे जोडून दिले. मग आम्ही तो त्याच दुकानात घेऊन गेलो. मुलाने आम्हाला ओळखले. काही न बोलता त्याने हात पुसले, कागद काचेवर पालथा ठेवला, त्यावर झाकण अलगद टेकवले आणि दोन प्रती काढल्या. एक फाईलमध्ये गेली.

दुसरी दादीला दिली. तिने चष्मा लावून ती पाहिली. मधोमध सांध्याची बारीक रेघ आली होती. तिच्या खाली मेहरची रक्कम, एकशे पंचवीस रुपये, आणि दादांची सही, दोन्ही स्वच्छ उमटली होती. "ही सही हल्लीची वाटते," दादी म्हणाली आणि प्रत घडी न घालता उशीखाली ठेवू लागली. आम्ही ती तिच्या हातातून घेऊन फाईलमध्ये ठेवली, आणि फाईल तिच्या उशाशी.