अणूचे औषध आणि सरकारी पैसा

आपल्या भागात ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. गोडादरा, लिंबायत, उधना इथल्या घरांतला पेशंट फ्लाइंग राणीने दादरला उतरतो आणि परळ गाठतो. त्याच परळात, टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत, आणखी एक संस्था आहे आणि तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव रेडिएशन मेडिसिन सेंटर. १९६३ साली सुरू झालेली ही संस्था हॉस्पिटलची नाही, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची आहे. टाटा हॉस्पिटल स्वतःही १९६२ पासून आरोग्य खात्याकडे नसून अणुऊर्जा विभागाकडे आहे. वीज आणि अणुभट्ट्या सांभाळणाऱ्या विभागाने माणसाची थायरॉइड का तपासावी, आणि त्यासाठी तुमच्या-माझ्या कराचा पैसा का खर्चावा, हा आजचा विषय.

आधी एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात, तो बाहेरच्या यंत्रातून दिलेला किरणोपचार. अणुवैद्यक म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन वेगळे. त्यात किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात तोंडाने किंवा शिरेतून शरीरात देतात. तो आपल्या ठरलेल्या अवयवात जातो, तिथून किरण बाहेर टाकतो आणि कॅमेरा ते टिपतो. एक्स-रे हाडाचा आकार दाखवतो, तर हा कॅमेरा अवयव काम कसे करतो ते दाखवतो.

ही कल्पना हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज द हेवेशी यांची. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. मँचेस्टरमध्ये ते एका खाणावळीत राहत. घरमालकीण उरलेले अन्न पुन्हा वाढते असा त्यांना संशय होता. एके दिवशी त्यांनी ताटातल्या उष्ट्यात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला आणि पुढे वाढून आलेल्या ताटाला यंत्र लावले. यंत्राने चोरी पकडली! रात्रीचे शिळे सकाळी न खाणाऱ्या माझ्या जैन घरात ही गोष्ट मी मोठ्या चवीने सांगतो. पण तिच्यातच सगळे शास्त्र आहे: थोडी खूण लावा आणि ती कुठे जाते ते पाहा. या खुणेच्या पद्धतीसाठी हेवेशींना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

खूण किती थोडी? हाडांच्या स्कॅनला लागणारे टेक्निशियम म्हणजे ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले तीन-चार भाग. ‘मग हे तुमच्या होमिओपॅथीसारखेच झाले की!’ असे मित्र मला चिडवतात. नाही. ते तीन-चार भाग यंत्राला दिसतात, मोजता येतात. आमच्या तीस पोटेन्सीच्या गोळीत मोजण्याजोगे काही उरत नाही, हे चाळीस वर्षे त्या गोळ्या दिलेला माणूस म्हणून मी या व्यासपीठावर सांगायला कचरत नाही.

आता पैशाकडे येऊ. या औषधांचा स्वभाव असा की ती पडून राहत नाहीत. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मे होते. सकाळी आठला शंभर असेल तर दुपारी दोनला पन्नास आणि रात्री आठला पंचवीस. थायरॉइडला देतात ते आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते. पेट स्कॅनचे फ्लोरीन-१८ तर एकशे दहा मिनिटांतच. कापडाच्या ताग्यासारखा याचा साठा करून भाव चढण्याची वाट पाहता येत नाही. शिवाय त्यासाठी अणुभट्टी किंवा सायक्लोट्रॉन लागतो. असल्या मालात कोणता व्यापारी पहिला रुपया घालेल?

अमेरिकेचाच अनुभव पाहा. टेक्निशियम रोज हॉस्पिटलातच मिळावे म्हणून एक युक्ती ब्रुकहेवन या सरकारी खर्चाच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघाली. मॉलिब्डेनम-९९ हे ६६ तासांत निम्मे होणारे मूलद्रव्य भांड्यात पाठवायचे. त्यातून टेक्निशियम तयार होत राहते आणि ते रोज काढून घ्यायचे. तंत्रज्ञ त्या भांड्याला ‘गाय’ म्हणतात आणि काढण्याला ‘दूध काढणे’. तेव्हा पेटंटचा विषय निघाला, पण एवढी बाजारपेठ दिसत नाही म्हणून पेटंट घेतलेच नाही. आज जगातल्या अणुवैद्यकीय तपासण्यांपैकी सुमारे ८०% याच टेक्निशियमवर होतात. बाजाराला दिसत नव्हते तेव्हा सरकारी प्रयोगशाळेने ते धरून ठेवले होते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

आपल्या देशाची गोष्ट मला त्याहून अधिक आवडते. होमी भाभांनी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ १९५६ मध्ये चालू केली आणि ‘सायरस’ १९६० मध्ये. परदेशातल्या ‘गाई’ महाग, आणि आपल्या भट्टीतले मॉलिब्डेनम त्या भांड्यात बसेल इतके तेज नव्हते. तेव्हा आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी द्रावकाने टेक्निशियम वेगळे काढण्याची रीत बसवली आणि ती अनेक वर्षे आपल्या हॉस्पिटलांतून चालली. दिसायला ओबडधोबड, पण गरीब देशाला परवडणारी. १९८९ पासून हा माल पुरवण्याचे काम वाशीचे ‘ब्रिट’ हे मंडळ करते. विद्यापीठांतल्या संशोधनाला पैसे देण्यासाठी अणुऊर्जा विभागाचे वेगळे मंडळ आहे. डॉक्टर तयार करणेही परळला चालते.

भावाचा फरक पाहायचा तर ल्युटेशियम-१७७ घ्या. अंतःस्रावी पेशींच्या काही गाठींवर ते देतात. अमेरिकेत २०१८ साली त्याच्या एका कंपनी-औषधाला मान्यता मिळाली आणि किंमत ठरली मात्रेला ४७,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीस लाख रुपये. अशा मात्रा चार. आपल्याकडे ल्युटेशियम ‘ध्रुव’ भट्टीत तयार होते आणि परळला साध्या माणसालाही दिले जाते. ते स्वस्त आहे याचे कारण दानधर्म नव्हे. भट्टी, प्रयोगशाळा आणि पगार यांचा खर्च पूर्वीच सरकारी तिजोरीतून झालेला आहे.

पण सगळे आलबेल नाही. ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस बंद झाली आणि भार ‘ध्रुव’वर आला. एकाच विहिरीवर गाव ठेवणे बरे नव्हे. २००९ मध्ये कॅनडातली जुनी भट्टी दुरुस्तीला थांबली, तेव्हा जगभर हॉस्पिटलांच्या तपासण्या खोळंबल्या होत्या. ‘अप्सरा’ नव्या रूपात २०१८ मध्ये सुरू झाली, ते चांगले झाले. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी खासगी भागीदारीतून वैद्यकीय आयसोटोपांसाठी भट्टी उभारण्याची घोषणा केली. खासगी पैशाला माझा विरोध नाही, सुरतेत राहून तो कसा असेल? मात्र ज्या आयसोटोपात नफा नाही आणि पेशंट थोडे आहेत, तो कोण बनवणार, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

पुष्कळांना वाटते की आपल्यापासून ८० किलोमीटरवर काकरापार आहे, मग औषध तिथूनच का येत नाही. काकरापारच्या भट्ट्या विजेसाठी आहेत. परळला जाणारे आयोडीन ट्रॉम्बेच्या संशोधन-भट्टीत टेलुरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून होते.

घरात कुणाला आयोडीनची मोठी मात्रा ठरली असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. पेशंटला काही दिवस वेगळे ठेवतात, आणि घरी आल्यावरही लहान मुले व गरोदर बाई यांच्यापासून डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवावे लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडात हे आधीच ठरवावे, मुलांना काकांकडे पाठवावे. आणि दिलेली तारीख चुकवू नये. मात्रा त्या दिवसाच्या हिशेबाने मोजलेली असते. गाडी चुकली म्हणून तुम्ही थांबता, आयोडीन थांबत नाही.