रांजण आणि पोढी

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात घडविलेला एक मोठा रांजण आहे. घाटातून मालाचे तांडे नेणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परिसरातील लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. नाना आणि गुणा या दोघा भावांत घाट खोदण्याची चढाओढ लागली व नानाने ती जिंकली, अशीही कथा तेथे ऐकावयास मिळते.

कथेच्या जोडीला तेथे दगडावरची नोंदही आहे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून विल्यम साइक्स यांनी १८२८ साली तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी व कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात अंकांत कोरले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. हिशेब नेमका लिहून ठेवण्याची सवय या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

ही वाट जुन्नरला पोहोचते. तेथील डोंगरांतली बहुतेक लेणी बौद्ध संघासाठी कोरलेली आहेत. त्यांच्या भिंतींवर राजांपेक्षा व्यापारी व कारागीर अधिक भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. त्या लेखात एकाही व्यापाऱ्याचे नाव नाही. दान साऱ्या श्रेणीचे आहे. कल्याणच्या एका सोनारानेही पोढी दिली.

पुणे जिल्ह्यातच, मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा एक छोटा लेख आहे. भदंत इंदरखित यांनी लेणे व पोढी करविल्याचे तो सांगतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अत्यंत प्राचीन लेखी पुरावा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. येथेही वंदनेच्या पाठोपाठ पाण्याचीच नोंद यावी, हे लक्षणीय आहे.

लोककथेने व्यापाऱ्याकडून घेतलेली जकात लक्षात ठेवली. त्याने दिलेले पाणी मात्र शिलालेखाने जपले. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज त्या काळचा व्यापारी पुरता कळत नाही.

व्यापारी घराण्यांच्या जुन्या चोपड्यांतही नफा-तोट्याबरोबर धर्मादायाचे खाते असे. पाणपोई, पांजरपोळ, धर्मशाळा यांसाठी निघालेल्या रकमा त्यात सापडतात. आजोबांनी गाव का सोडले, पहिले दुकान कोणाच्या आधाराने उभे राहिले, हे घरातील वडीलधारी सांगतात. त्याचे साल आणि आकडा चोपडीत असतो. दिवाळीच्या आवराआवरीत अशी चोपडी रद्दीत गेली, तर घराण्याकडे केवळ रांजणाची कथा उरते. पोढीची नोंद कायमची पुसली जाते.