दोन किनारे आणि मधला वर्धा

मुंबई आणि कोलकाता यांच्यामध्ये अंतर किती? प्रश्न साधा वाटतो, पण त्याला उत्तरे अनेक आहेत. नागपूरमार्गे लोहमार्गाने ते 1,968 किलोमीटर भरते, तर विमानाच्या वाटेने सुमारे 1,660. लोहमार्ग घाट, नद्या आणि गावे पाहून वळणे घेतो. विमानाला ती अडचण नाही. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा; तो जिथून जाईल तीच सर्वांत जवळची वाट. गंमत अशी, की हा दोरा आपल्या वर्धा जिल्ह्याच्या अगदी जवळून जातो.

आता वेळेचा हिशेब पाहू. जेट विमानाचा वेग ताशी 830 किलोमीटर धरला, तर 1,660 किलोमीटरला दोन तास पुरावेत. परंतु वेळापत्रकात अडीच तास किंवा त्याहून अधिक वेळ दिलेला असतो. कारण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली येणे आणि उतरण्यासाठी पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे यांतही वेळ जातो. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी 100 किलोमीटर धरला, तर कोलकात्याकडे जाताना उड्डाणाला 1 तास 47 मिनिटे लागतील आणि परत येताना 2 तास 16 मिनिटे. अंतर तेच, पण वेळेत अर्ध्या तासाचा फरक!

या मधल्या जागेचे महत्त्व एकेकाळी टपाल खात्याने ओळखले होते. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परतण्यास निघत. मुंबई–नागपूर सुमारे 685 आणि नागपूर–कोलकाता सुमारे 985 किलोमीटर; म्हणजे नागपूरवरून गेले तरी फेरा जेमतेम दहा किलोमीटरचा पडतो. ताशी 270 किलोमीटर वेगाच्या डाकोटा विमानाला या प्रवासात सव्वासहा तास उडावे लागे. तरीही संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचू शके. त्याच वर्षी विमानाचा जादा आकार न घेता साधी पत्रेही हवाई मार्गाने नेण्याची योजना आली. नोकरीचे बोलावणे किंवा आजारपणाची वार्ता चार आण्यांचा विचार करणाऱ्या माणसापर्यंतही लवकर जाऊ लागली. विमानात कधीही न बसणाऱ्यांना विमानाचा झालेला हा लाभ लहान नव्हे.

पुढे वेगवान जेट विमाने थेट उडू लागली, नागपूरला थांबण्याची गरज उरली नाही आणि सत्तरीच्या दशकात ही सेवा बंद पडली. आज विमान आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जाते. 1977 साली वर्गभेदाविना सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसला या प्रवासाला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. पण ती वर्ध्याला थांबते.

तात्पर्य, अंतर मोजताना दोन टोकांमधले किलोमीटर आणि तास पाहावेतच. पण मधल्या माणसाला त्या वाटेवर चढता-उतरता येते का, हेही विचारावे. टोके जवळ आली म्हणजे मधली गावेही जवळ आली, असे होत नाही.