कच्च्या पालेभाजीतील औषधाचा अंश

मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात पुष्कळदा कच्चीच खाल्ली जाते. वजनाच्या मानाने पानांचा पसारा मोठा असल्याने त्यांवर फवाऱ्याचे औषध अधिक राहते. म्हणून वांग्याची मर्यादा मेथीस लावता येत नाही. मर्यादा ठरविताना शिफारशीप्रमाणे फवारलेल्या प्रयोगशेतांतील काढणीच्या वेळचा अंश मोजतात व रोजच्या आहारात तो निर्धोक आहे काय, हे पडताळतात. प्राण्यांना ज्या मात्रेने अपाय झाला नाही, तिचा सामान्यतः शंभरावा भागच माणसास निर्धोक धरतात. मर्यादा न ठरलेल्या औषधास भारतात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० किलो भाजीत अवघा १ मिलिग्रॅम, एवढीच मुभा आहे. कपाशीचे उरलेले औषध मेथीवर मारल्यास ही मुभा सहज ओलांडली जाते. डब्यावरील प्रतीक्षाकाळ संपण्यापूर्वी, भाव चढला तरी, जुड्या बांधू नयेत. पानात शोषले गेलेले औषध धुऊन जात नाही.